काटा

आमच्या फाट्यावरचा उसाचा काटा
शनिवारी बंद होणार.
कारखान्याचं पत्र आलंय, फ्रेंचमध्ये, अतिशय नम्र.
एकवीस हंगाम मी या खिडकीत बसले.
ट्रॅक्टर येतो, थांबतो, आकडा पडतो, मी चिठ्ठी देते.
काटा मारल्याचा आरोप माझ्यावर दोनदाच झाला,
त्यातला एक खुद्द नवऱ्याने केला.

या काट्याची एक खोड आहे:
वीस किलोच्या पटीतच बोलतो.
मधलं त्याला कळत नाही.
कोंबडी चढली, गप्प.
चारचौघांत बोलायचं नाही असं शिकवलेलं पोर चढलं, गप्प.

काल रात्री शेवटची गाडी गेल्यावर
चपला काढून मीच चढले.
दवाखान्यात सदुसष्ट भरले होते.
काटा म्हणाला, साठ.

सात किलो गेले कुठे म्हणून
तिथेच बसून राहिले. लोखंड अजून कोमट होतं,
खाली समुद्र, वर ज्वालामुखीवरचे ढग,
मध्ये रेयुनियाँचा हा एवढासा उतार, सगळा उसाचा.

आईकडून आम्ही सोमवार.
हसू नका, आडनाव आहे. लंदी.
गुलामी संपली तेव्हा आडनावं वाटणारा कारकून
दुपारपर्यंत दमला.
फुलं संपली, महिने संपले,
भांडीकुंडी संपली, मग त्याने वार काढले.
आमच्या पुढे उभा होता त्याचं कढई झालं.
सेलेस्तां म्हणाला, साहेब, मला एक नाव आहे आधीचं,
आईने ठेवलेलं, जहाजाच्या अलीकडचं.
कारकुनाने वर न बघता विचारलं,
अक्षरं सांग.

बापाकडून मुतुकानी.
कारैकलहून, पाच वर्षांचा करार, डाव्या हाताचा अंगठा.
तिला जी खोली मिळाली
ती सेलेस्तांच्या लोकांनी सोडलेली.
भिंतीत लोखंडी कडी होती, खांद्याच्या उंचीवर.
ती कशाला, हे कुणी सांगितलं नाही.
तिने कडीला दोरी बांधली आणि साडी वाळत घातली.

रोजचा तांदूळ ती करवंटीने परत मोजायची.
रोज मूठभर कमी.
लिहिता येत नव्हतं, म्हणून पाठ करायची,
आणि जाताना मुलांना दागिने सांगावे तसं सांगून गेली:
इतक्या मुठी येणं आहे.
आकडा मला माहीत आहे. इथे सांगणार नाही.

दिवाळीला काका म्हणतात, आम्ही तिकिटावर आलो.
वीस डिसेंबरला मामा विचारतो, मग परतीचं कुठंय?
माझ्या आईबापांच्या लग्नानंतर
दोन्ही घरं अकरा वर्षं बोलली नाहीत.
आता बोलतात. त्यापेक्षा तेव्हाचं बरं होतं, असं आई म्हणते,
आणि मिरची वाटत राहते,
पाटा मुतुकानीचा, वरवंटा कुणाचा ते विसरलेलं.

मळेवाल्यांच्या मोठ्या घराचं हॉटेल झालं.
त्यांचा नातू येऊन गेला, भला मुलगा आहे,
काटा मागतोय, दारात ठेवायला,
म्हणाला, त्यावर बोगनवेल छान दिसेल.
अंगावर आला तो काटा वेगळा.
त्याची चिठ्ठी निघत नाही.

पहाटे उठले, वही उघडली,
शेवटच्या टनाखाली एक ओळ मोकळी होती.
वाहन: पायी.
माल: उल्लेख नाही.
वजन: साठ.
फरक: सात, येणं.
सही केली पूर्ण, ओदील मुतुकानी लंदी,
तीन पिढ्यांनी न जोडलेली दोन्ही नावं,
हात थोडा हलला.

बाहेर ज्यां-रेनेचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता.
कार्बनची प्रत मी ब्लाउजात घातली.
मूळ प्रत कारखान्याला जाते.
तसा नियम आहे.