उजवीकडची सीट

एकतीस वर्षं ओसोर्नो ते पुएर्तो मोंत, आणि परत.
कुठल्या पुलापाशी डांबर आधी उखडतं ते मी सांगेन,
टोलनाक्यावरच्या बायकांची नावं सांगेन,
पण ज्वालामुखीचं विचाराल
तर तो बाजूच्या आरशात असायचा,
साबणाच्या वडीएवढा.

मोतीबिंदू काढला, डावा डोळा काही परतला नाही.
लायसन मी स्वतःच काउंटरवर ठेवून आलो.
मग नोल्फा,
जिनं शाळेच्या भटारखान्यात
दोनशे पोरांची मसूर ढवळत आयुष्य काढलं,
अठ्ठावन्नाव्या वर्षी गिअर टाकायला शिकली.
पुतण्याकडून. माझ्याकडून नाही.
मी ओरडतो म्हणे.

आता ती चालवते.
मी उजवीकडे, गुडघ्यांत थर्मास धरून,
तिला दर वळणानंतर कडू मातेचा घोट देतो.
पायाखाली ब्रेक नाही
आणि पाय ब्रेक दाबतो.
"चटई फाटेल, एलादियो,"
ती म्हणते, रस्त्यावरची नजर न काढता.

पुयुवापीपाशी खडी सुरू झाली,
खडखडाट थेट दाढांत शिरला.
कडेला नाल्काची पानं,
एकेकाखाली वासरू निजेल एवढी.
वर डोंगराच्या ओठावर हिमनदी लोंबत होती.
तिचा एक तुकडा सुटला,
आधी दिसला, मग बऱ्याच वेळानं ऐकू आला.
"आपला पत्रा उडाला होता ना, तस्सा आवाज,"
नोल्फा म्हणाली.
कुठला पत्रा?
"वादळात. तू रात्रीच्या फेरीवर होतास.
मीच चढले शिडीवर. सातव्या महिन्यात."
पोरगा आता छत्तीस वर्षांचा आहे.
मी थर्मासचं झाकण लावलं,
काढलं,
पुन्हा लावलं.

सेरो कास्तियोच्या घाटात तिनं गाडी थांबवली.
हिसका नाही, कचकच नाही,
काठोकाठ भरलेली बादली खाली ठेवावी तशी.
हुएमुल.
मादी, आणि तिच्यामागे पायांचा हिशोब न जमलेलं पिल्लू.
सगळ्या सरकारी शिक्क्यांवर
हे हरीण मुकुट घालून उभं असतं.
हिच्या डोक्यावर काही नव्हतं.
कानाला गोचिड्या होत्या.
तिनं आमचा बंपर हुंगला,
पसंत पडला नाही,
आणि रस्त्याच्या मधोमध
काहीतरी विसरल्यासारखी उभी राहिली.

मागून लोकरीचा ट्रक आला. हॉर्न नाही.
त्यानं इंजिनसुद्धा बंद केलं.
मी आरशात पाहून हात वर केला,
त्यानं दोन बोटं उचलली.
आपल्या धंद्यातला माणूस.

आत माझं घड्याळ चालूच होतं:
चार मिनिटं. सात. अकरा.
अकरा मिनिटांना डेपोत पगार कापायचे.
पिल्लू अजून अलीकडेच.
नोल्फानं स्टिअरिंगवर हनुवटी टेकली होती,
आणि तिच्या कानामागे एक तीळ आहे
हे मला, या बाजूनं, पहिल्यांदा दिसलं.

तळ्याच्या रंगावरून मात्र आम्ही भांडलो.
मी निळा म्हणालो, ती हिरवा.
माझा डोळा एक, तिचे दोन,
म्हणून हिरवा ठरला.

त्रांकिलो गावातल्या खानावळीत
मालकीण दोन्या एदेल्मिरानं
ताटलीभर कालाफातेची बोरं पुढे केली.
खाल्ली की माणूस इथे परत येतो म्हणाली.
"पेट्रोलचे पैसे कोण देतो?" मी विचारलं.
तोवर नोल्फाचे दात जांभळे झाले होते.

रात्री वाऱ्यानं खिडकी धरून हलवली.
झोपेत माझा पाय तिच्या पोटरीवर आपटला.
"आता काय आडवं आलं?"
तिनं अंधारातच विचारलं.
पिल्लू, मी म्हणालो.
"मग जाऊ दे त्याला आधी."

आम्ही थांबलो.