आधी कंदील

समारंभ अकराला होता.
दहापासून मी खुर्च्या पुसत होतो, नारळ मोजत होतो:
एकोणीस प्राध्यापक, अठरा नारळ.
एकोणिसावा गणपती पेठेतून पळत जाऊन आणला,
शेंडी नसलेला.
तो नेमका मगदूम बाईंच्या वाट्याला आला.

कोल्हापूरहून विद्यापीठाचे पाहुणे आले.
निवेदकाने शोधनिबंधाचं नाव वाचलं
आणि घाईत 'पेवां'चं 'पेयां' केलं.
सभागृह हसलं. बाईसुद्धा.

पेय नव्हे हो, पेव.
हरिपूरच्या मातीतलं, अरुंद तोंडाचं,
पोटात हत्ती बसेल एवढं.
तिथं हळद वर्षानुवर्षं अंधारात झोपते
आणि तिला कीड लागत नाही.
का लागत नाही, एवढंच बाईंना विचारायचं होतं.
अकरा वर्षं विचारत होत्या.

मी प्रयोगशाळेतला माणूस, मुजावर.
सहाला कुलूप लावायचा नियम माझा
आणि नऊपर्यंत न लावायचा गुन्हाही माझाच.
बाई काचेच्या नळ्यांत पेवातली हवा भरून आणायच्या,
एस.टी.त, मांडीवर, तान्ह्या पोरासारखी.
कंडक्टर विचारायचा, बाई, ह्यात काय?
"हवा."
तो थोडा वेळ बघायचा,
मग एकच तिकीट फाडायचा.

अनुदान आलं ते साडेआठ हजार.
त्यात थर्मामीटर बसले, दोरी बसली नाही.
दोरी रायाप्पा हमालाने दिली.
पहिला धडाही त्याचाच:
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
कंदील विझला तर वरच थांबायचं.
बाईंनी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं,
खाली त्याचं नाव, गाव, तारीख,
मोठ्या ग्रंथाचा संदर्भ लिहितात तसं.

प्राचार्यांनी काय केलं म्हणाल, तर फारसं काही नाही.
बाईंचे गुरुवारचे तास दुसऱ्यांना दिले
आणि कारण विचारलं नाही.
कारण न विचारणं हीसुद्धा
एक शिष्यवृत्ती असते.

"दोन मिनिटं बोला," पाहुणे म्हणाले.
बाई शाल सावरत माईकशी गेल्या.
म्हणाल्या, चौथ्या वर्षी मी छापलं होतं
की पेवातला शेणाचा लेप कीड मारतो.
ते चूक होतं.
ही प्रणोती, तेव्हा एम.एस्सी.ला होती,
हिने माझे आकडे पुन्हा मांडले.
बेरजा बरोबर होत्या, समज चुकला होता.
हळद स्वतः श्वास घेते.
बंद पेवात आतला प्राणवायू तीच संपवते,
किड्यांसाठी काही उरत नाही.
मी चुकल्यावरही तुम्ही मला पुन्हा उतरू दिलंत.
एवढंच.

टाळ्या लगेच आल्या नाहीत.
पाहुण्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.
त्यावर निबंधांची संख्या होती,
चुकीसाठी रकाना नव्हता.
मग मागून, दाराशी उभ्या रायाप्पाने
एक टाळी वाजवली.
पोती उचलून रापलेले हात, आवाज जाड.
मग अख्खं सभागृह.
माझ्या हातात हारांचं ताट होतं,
मला वाजवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी शाल वजनकाट्यावर पांघरलेली.
धूळ बसते हो, बाई म्हणाल्या.
बिनशेंडीचा नारळ आम्ही बेसिनच्या कडेवर फोडला,
जरा खवट निघाला, तरी चौघांनी संपवला.
बाई नव्या वहीवर तारीख घालत होत्या:
पुरानंतर बुजलेली पेवं. किती. कुठं.
मी रजिस्टरात लिहिलं, सहा वाजता बंद,
किल्ली पुन्हा खिशात टाकली
आणि कंदिलात तेल भरायला बसलो.