कलम चौदा

अचानक फुटलेल्या नळाचे पैसे मिळतात.
हळूहळू मुरलेल्या पाण्याचे मिळत नाहीत.
अकरा वर्षं मी एवढंच लिहितेय,
गेंटमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरून,
वेगवेगळ्या भिंतींना.

कलम चौदा. झोपेतून उठवून विचारा:
नुकसान ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी झालेलं असावं.
लोक फोटो पाठवतात. पोपडे, बुरशी,
कपाटामागे उमटलेला कुठल्याशा देशाचा नकाशा.
मी तारीख विचारते.
तारीख नसते कुणाकडे.
ओडेट व्हेरक्राउस, वय एक्याऐंशी, लिहितात:
बाई, मला वाटलं सावली आहे.

नामंजूर. कळावे,
आणि खाली माझी सही, जी आता
मी न करताच उमटते.

आज फॉर्म माझाच उघडलाय.
वर्षभराची बिनपगारी रजा.
नाव लीसलोट, खातं मालमत्ता-दावे,
पुढे चौकट: कारण.
बाण दाबला की यादी उलगडते.
मूल. आजारी आईवडील. शिक्षण. इतर.
मूल नाही. आई आता नाही.
बाबा ठणठणीत.

रविवारी त्यांना सांगून बघितलं.
चौतीस वर्षं त्यांनी कालव्यावरचं जलद्वार राखलं,
बोटी वर घेतल्या, खाली सोडल्या.
बटाटा सोलता सोलता म्हणाले, करणार काय वर्षभर?

करणार काय.
खुडेले गेली तेव्हा निदान पेरूला गेली,
परत येऊन महिनाभर लामांचे फोटो दाखवत होती.
योरिस म्हणतो घे की, पैसे पुरतील मार्चपर्यंत,
आणि मार्चपर्यंतच का, ते
कागदावर मांडून दाखवतो, प्रेमाने, दोन रंगांच्या पेनांनी.
माझ्याकडे लामा नाहीत.
मला फक्त बघायचंय
मंगळवारी सकाळी अकरा वाजता
आमच्या स्वयंपाकघरात ऊन कुठवर येतं.
येतं का.

बाबांना हे बोलले नाही.
साल न तोडता ते बटाटा फिरवत राहिले
आणि मध्येच म्हणाले,
दरवाजा एकदम उघडायचा नसतो,
आधी दोन्हीकडचं पाणी सारखं होऊ द्यायचं.
मग म्हणाले, मीठ आण.
हे माझ्याबद्दल होतं की बोटींबद्दल,
विचारायचं राहून गेलं.

कधीपासून होतंय असं?
डॉक्टरनेही तारीखच विचारली.
काय सांगू. कुणी ओरडलं नाही, अपमान केला नाही,
साहेब वाढदिवसाला आठवणीने केक आणतात.
फक्त एका वर्षी ट्राममधून उतरल्यावर
मी ऑफिसच्या पायऱ्या मोजायला लागले
आणि मग, कधीतरी, मोजणंही थांबलं.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
मला वाटलं सावली आहे.

इतर निवडलं.
कृपया स्पष्ट करा.
लिहिलं: हळूहळू.
लाल शब्द आले: किमान वीस अक्षरं हवीत.
हसू आलं. एकटीच हसले, सहा वाजून गेलेले,
शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी केळं काळं पडत होतं.

लिहिलं: हळूहळू. नेमकी तारीख सांगता येणार नाही.
हे चाललं.

तेवढ्यात दिवे गेले.
आमच्याकडे दिव्यांना हालचाल लागते.
फार वेळ कुणी हललं नाही
की इमारत समजते, खोलीत कुणी नाही.
एरवी मी हात वर करून हलवते,
बुडणाऱ्यासारखा,
आणि पुन्हा नोंदली जाते.

आज बसून राहिले.
पडद्याच्या उजेडात बटण दिसतंय: पाठवा.
शेजारी, त्याच मापाचं: जतन करा.
खालून एक बोट चाललीये बहुतेक,
छतावर काहीतरी उमटलंय.
डाग म्हणावा,
तर सरकतंय.