मुख्य चालक

पत्र माझ्या नावाने आलं.
प्रिय मेना प्रॉथरो,
वर्षभरात एकही अपघात नाही, अभिनंदन.
पुढच्या हप्त्यात तुम्हाला सूट.

वर्षभर मी बसने गेले.
शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वासातला पोचवणारी पहिली बस,
तिच्या खिडकीवरचा चरासुद्धा मला पाठ आहे.
गाडीला माझा हात लागला तो एकदाच,
काचेवरचं बर्फ खरवडताना,
गेथिनला उशीर होत होता म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात माझा भाऊ ह्यू म्हणाला होता,
अगं, सगळेच आईच्या नावावर घेतात.
पोरगा अठराचा. त्याच्या नावाने विचारशील
तर चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला.
मुख्य चालक: आई.
अधूनमधून चालवणारा: मुलगा.
मी खूण केली.
पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

आज पुन्हा तेच रकाने.
वर्षाला किती मैल?
बघायला म्हणून विजेरी घेऊन बाहेर गेले,
रात्री साडेदहाला, झग्यावर कोट चढवून.
बरी पोर्टचा वारा, समुद्र दिसत नव्हता, वास होता.

आत बसले तर पाय पोचेनात.
सीट पार मागे सरकवलेली.
आरशात मागचा रस्ता नाही, नुसतं छताचं कापड.
स्टिअरिंगच्या शिवणीत पीठ,
पहाटे तीनला उठणाऱ्या बोटांचं.
मुख्य चालकाला ब्रेक सापडत नव्हता.

आकडा लिहून घेतला. वर्षात अकरा हजार.
अ‍ॅमनफर्डची बेकरी जाऊन-येऊन चौतीस,
आठवड्याचे पाच दिवस, सुट्ट्या वजा.
हिशेब मला येतो,
रोज दोनशे चाळीस पोरांच्या बटाट्यांचा करते.
तीन हजार मैल उरले.
पुन्हा केला.
तीन हजार मैल उरलेच.

दाराच्या खणात पावत्या.
पेट्रोल, हॅवरफर्डवेस्ट, रविवार.
पेट्रोल, हॅवरफर्डवेस्ट, रविवार.
एकीवर दोन चहा, एक केक.

हॅवरफर्डवेस्टला आपलं कोणी नाही.
म्हणजे, एमलिन आहे.
सात वर्षं ज्याचं नाव या घरात घेतलं नाही,
तो आहे.

मित्राबरोबर लाटांवर जातोय, सांगायचा गेथिन.
आणि मी दोघांचं सँडविच बांधून द्यायचे,
मित्रालाही भूक लागत असेल म्हणून.
एकदा डब्यात काकडीच्या चकत्या तेवढ्या परत आल्या,
एका कडेला नीट रचून.
काकडी अशी रचून ठेवणारा
माझ्या माहितीत एकच माणूस.
तेव्हा मी डबा धुऊन टाकला होता.

रडले नाही. थंडी होती फार.
थोडा वेळ तशीच बसले,
दुसऱ्याच्या मापाच्या सीटवर,
पाय अधांतरी.
मग घरात येऊन फोनवर तो रकाना बदलला.
मुख्य चालक: मुलगा.
गोल गोल फिरलं काहीतरी,
आणि आठशे चाळीस पौंडांचे
दोन हजार एकशे दहा झाले.
खोट्याचं भाडं इतकी वर्षं मीही दिलंय,
पण असं आकड्यात कुणी मांडून दाखवलं नव्हतं.

तीनला तो जिन्यावरून आला,
बूट हातात, एकाच पायात मोजा.
जागी कशी तू?
विमा, म्हटलं. तुझ्या नावावर केला.
निम्मे तू, निम्मे मी.
एवढे कुठून आणायचे, म्हणाला.
आणू. ते बघू.
किटली बंद केली.
रविवारी काकडी घालत नाही,
म्हटलं.

तो दारात थांबला.
दुसरा मोजा खिशातच असावा,
शोधत होता बराच वेळ.

मग गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.
सीट मी हलवली नव्हती.