चौदा ग्रॅम

खानावळीला पाटी नाही.
उंडीच्या झाडाखाली दहा-बारा चपला, दोन मोटारसायकली
आणि कोल्हापूरच्या नंबराची एक गाडी, दारं सताड उघडी,
एवढ्यावरून ओळखायचं.
शाळेच्या चौरेघी वहीत नाव देऊन बाकावर बसायचं.
मी सांगितलं, कल्याणी मगदूम.
वहीत पडलं : मापवाली बाई, एक.

म्हणजे बातमी माझ्याआधी पोचली होती
पिरावाडीच्या मासळीबाजारातून इथवर.
सकाळभर मी तिथे तराजू तपासले,
वजनं उलटी करून बुडाचं शिसं पाहिलं,
शिक्के मारले, पावत्या फाडल्या.
कुणी वाद घातला नाही.
तेच जरा जड गेलं.

पाऊण तासाने हाक आली.
चार माणसांच्या टेबलाला सहा खुर्च्या,
एक माझी, एकीवर माझी लाकडी पेटी,
आत लाल मखमलीत झोपलेली पितळी वजनं,
एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत.
खोबरेकरीण ताट घेऊन आली, पेटीकडे बघून म्हणाली,
'हिका पण भात वाढू?'
सगळी खानावळ हसली. मीही हसले, थोडी उशिरा.

'इसवण नाय आज. बांगडो आसा. तारले आसत.'
विचारणं नव्हतंच ते, कळवणं होतं.

आणि समोरच्या खुर्चीत, पदराने मान पुसत,
येऊन बसली सत्यभामा तांडेल.
पावती क्रमांक एकवीस.
किलोमागे चौदा ग्रॅम कमी.
हे तारले तिच्याच टोपलीतले,
रोज सकाळी इथे देते, दुपारी इथेच जेवते,
हिशेब दोघींच्या डोक्यात.

मी सांगलीची. काट्यांशी माझं जमत नाही.
बांगड्याच्या तिखल्यात बोट घातलं
तर तिरफळ दाताखाली आलं,
जीभ अशी बधिर, जणू कुणी सही करून घेतली तिच्यावर.
सत्यभामेने न बोलता सोलकढीची वाटी
माझ्याकडे सरकवली. तिची. अर्धी प्यालेली नव्हती.
मग स्वतःच्या ताटातला तारला उचलून
शेपटीकडून असा ओढला
की अख्खा काटा एका हिसक्यात बाहेर,
कंगव्यासारखा.
'असा,' म्हणाली. 'मध्यान धरूचा नाय.'

तिसऱ्या तारल्याला मला जमलं.

भात किती, कुणी मोजत नव्हतं.
खोबरेकरणीचा हात डावेत जायचा
आणि माणूस बघून वाढायचा :
ट्रॉलरवरच्या पोराला डोंगर,
पोस्टातल्या म्हाताऱ्याला तळहाताएवढा,
त्यावर आमटीचं आळं.
एकदाही पुन्हा डावेत परतला नाही
एवढासुद्धा भात.
मी ते बघत राहिले, सरकारी कामासारखं.

पैसे द्यायला उठले.
'वडे किती झाले?'
'तीन,' मी म्हटलं.
तिने तीनच धरले, वहीत टिंब दिलं,
सुट्टे नव्हते म्हणून दोन कोकमाच्या गोळ्या ठेवल्या हातावर.

सत्यभामा पाणी पीत होती.
पेला तोंडाशी थांबला तिचा,
माझ्याकडे एकदा पाहिलं तिने,
आणि पुन्हा प्यायली.

एसटी यायला वीस मिनिटं होती.
थांब्यावर, पेटी मांडीवर, गोळी चघळत,
तिरफळाची गुंगी उतरली तशी आठवलं :
पहिला वडा तिखल्याशी.
दुसरा नुसता, गरम होता म्हणून.
तिसरा सोलकढीत बुडवून, लोक करत नाहीत तसा.
आणि चौथा
सत्यभामेने आणून दिलेला, मी नको म्हणत असताना.

खानावळ दिसत होती तिथून.
उंडीखाली नवीन चपला.
मी पेटीची कडी उघडली, का ते माहीत नाही,
चौदा ग्रॅम काढून पाहिले :
एक दहाचं, दोन दोनची.
तळहातावर जाणवेना नीट.

एसटी आली तेव्हा कंडक्टर ओरडला,
'बाई, चढताय की नाय?'