अडीच मिलिमीटर

सुपारी पडली चौथ्या मजल्यावरून,
ग्रिलमधून, कबुतराच्या मागे.
कबुतर उडालं.
मांजर म्हणे चार पायांवर पडतं.
ही तीनच पायांवर पडली.
मागचा डावा लोंबत होता
न पिळलेल्या मोज्यासारखा.

कोपरखैरण्याच्या दवाखान्यात
डॉक्टर शेजवळबाईंनी फिल्म उजेडावर धरली.
बावीस वर्षं मी रबाळ्याला लेथवर काढली आहेत.
मला मांडीचं हाड दिसलंच नाही,
शाफ्ट दिसला, तिरपा तुटलेला,
दोन्ही टोकं एकमेकांना चुकवून पुढे गेलेली.
"अलाइनमेंट गेलीय," मी म्हणालो.
बाई हसल्या. "आतून पिन घालू. अडीच एमएम."
"स्टील कुठलं?"
"तीनशे सोळा एल."
मग मला जरा बरं वाटलं.

खर्चाचा आकडा ऐकून इंदू काही बोलली नाही.
जिन्यात सापडलेलं मांजर.
तिनं दाढांसाठी ठेवलेलं पाकीट काढलं,
नोटा दोनदा मोजल्या,
म्हणाली, "चावायला डावी बाजू आहे अजून."

पिंजरा मजीदभाईंचा, कोंबड्यांचा, ब्लीचनं तीनदा धुतला,
तरी सुपारी पहिले दोन दिवस कोपरे हुंगत बसली.
सहा आठवडे. उडी नाही, जिना नाही.
गळ्यात प्लास्टिकचा कर्णा,
कसलीही घोषणा न करणारा.
अर्धी मांडी भादरलेली, तिच्यावर टाक्यांची रांग,
कुणा नवशिक्यानं घातलेल्या धावदोऱ्यासारखी वाकडी,
पण घट्ट.

माझं बोट प्रेसमध्ये गेलं, अठ्ठ्याण्णव साली.
कंपनीच्या डॉक्टरनं फिल्मबिल्म काढली नाही.
पेरापासून बंद केलं,
तिसऱ्या दिवशी पंचिंगला हजर.
सुपारीला औषध भरवताना
ती नेमकं तेच थोटं बोट चाटायची,
बाकीची सोडून.
मी हात मागे घेत नसे.

पाचव्या रविवारी पाय टेकला.
आधी नखं, मग गादी,
मग उचलून घेतला, फरशी तापली असावी तसा.
इंदू लसूण सोलत होती. तिनं पाहिलं.
"टेकला," एवढंच म्हणाली,
आणि सोललेल्या पाकळ्या टरफलांत टाकल्या.

पिन काढल्यावर बाईंनी ती डबीत घालून दिली.
घरी येऊन मी जुना व्हर्निअर काढला,
पुसला, तेल दिलं.
दोन पॉइंट पाच. बरोबर.
काचेवर ठेवून फिरवली तेव्हा कळलं,
मधोमध केसभर वाक आहे.

म्हणजे ती उभी राहात होती.
पिंजऱ्यात, आम्ही झोपल्यावर,
पूर्ण वजन टाकून,
कुणाला न सांगता.

मी पिन इंदूच्या हातात दिली.
तिनं ती दिव्याकडे धरली, एक डोळा मिटून,
माझ्यासारखी.
मग परत दिली,
आणि डाव्या बाजूनं भाकरी चावत राहिली.