बुरा

आईच्या लोणच्यावर यायचा तोच हा बुरा.
ओला चमचा घातला कोणी, ती ओरडायची,
आणि वरचा थर काढून
खालच्या फोडी उन्हात ठेवायची.

इथे नेरुळला, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये
मीच तो वाढवते काचेच्या बशीत.
चौथ्या दिवशी हिरवा, मखमली,
कडेला पांढरी झालर.
सुंदर दिसतो. हे कुणाला सांगत नाही.

भोईर हेमांगी, वय तेवीस, घणसोली.
पांढऱ्या पेशी बोटांवर मोजण्याइतक्या.
सहाव्या मजल्यावर दोन दारांच्या आत ती,
आणि भिंतीपलीकडे नव्या विंगचं ड्रिलिंग
दहा ते सहा.
छताच्या एका टाइलला चहाच्या डागासारखी ओल होती.
तिच्यावर रंग मारून झाला.

औषधाची पट्टी ठेवली
की भोवती मोकळी जागा पडायला हवी,
बुरशी मागे सरते.
ही सरली नाही.
पट्टीला टेकून बसली,
ओट्यावर पाय सोडून बसावं तशी.

डॉक्टर काझी म्हणाले, हिला हे नवीन नाही.
द्राक्षांवर, फुलांवर फवारतात ना,
याचेच भाऊबंद.
शिकून आलीय ती.

मी रकान्यात लिहिलं: दाद देत नाही.
अजून एक औषध आहे. किडनीला जड.

लिफ्टपाशी तिची आई.
पदराच्या गाठीत झेंडूचं फूल,
लेकीच्या उशाखाली ठेवायला.
मावशी, फूल आत नाही न्यायचं.
"देवीचा हाय गो."
तरी काढलं तिने गाठीतून,
आणि मुठीत धरून उभी राहिली,
टाकायचं कुठे ते कळेना.
मलाही.